सावलीतली रानफुलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीच्या मागे, इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये जेमतेम नऊ फुटांची पट्टी आहे. वर शेजारच्या आवारातला जुना आंबा. तिथे गुलाब मेला, मोगरा नुसता पानांवर राहिला आणि जास्वंद उजेड शोधत भिंतीबाहेर वाकली. मग माहेरून, दापोलीजवळच्या परसातून, सोनटक्क्याचे दोन गड्डे आणले आणि लक्षात आलं की जागेत खोट नव्हती, मीच भलती झाडं लावत होते. त्यानंतर जे कोणी ही पट्टी पाहून गेले त्यांनी प्रश्न पाठवायला सुरुवात केली. त्यातले सारखे येणारे इथे एकत्र केलेत. सह्याद्रीच्या रानात झाडांखाली वाढणारी, जमिनीत कंद ठेवून दरवर्षी परत येणारी फुलझाडं हा मुख्य विषय. जोडीला परसात रुळलेली चार-दोन पाहुणी. उत्तरं पुण्याच्या हवेप्रमाणे आहेत. कोकणात काही वेगळं करायचं असेल तर तसं सांगितलंय.

१. सावलीत फुलं येतातच कुठे? पानांची झाडं लावून मोकळं व्हावं ना?

येतात, पण त्यांचं वेळापत्रक वेगळं असतं. पानझडी रानात सागाची पानं फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात, नवी फुटेपर्यंत जून उजाडतो. मधल्या काळात जमिनीवर भरपूर उजेड असतो. वळवाच्या एक-दोन सरी पडल्या की कंद जागे होतात आणि डोक्यावरचं छत मिटायच्या आत काहींची फुलं उरकतातही. भुईचाफा तर स्वतःच्या पानांचीही वाट बघत नाही. बाकीच्यांची पानं मोठी, रुंद असतात. पावसाळ्यातल्या अंधुक उजेडावर ती चार महिने कंदात साठवण करतात, त्यातच फुलतात आणि दिवाळीच्या सुमाराला झोपी जातात.

म्हणजे जून ते ऑक्टोबर झाड, नोव्हेंबर ते मे नुसती माती. हे ज्यांना चालत नाही त्यांनी आधी प्रश्न १२ वाचावा.

२. माझ्या जागेत नेमकी किती सावली आहे हे कसं ओळखायचं?

दुपारी बाराच्या सुमाराला जमिनीपासून हातभर उंचीवर पंजा धरा. खाली पडलेल्या सावलीत बोटं वेगवेगळी, रेखीव दिसली तर ती सावलीची जागा नाही, उन्हाचीच आहे. पंजाचा आकार कळतोय पण कडा विरघळल्यासारख्या आहेत, ही उत्तम जागा. पंजाची सावलीच पडत नसेल तर ती गडद सावली. तिथे नेचे, पीस लिली आणि थोडीफार हळद, याच्या पलीकडे फुलांची आशा धरू नका.

झाडाखालची हलती, कवडसे पडणारी सावली सगळ्यात चांगली. दोन इमारतींमधल्या बोळात सकाळचं दोन तास ऊन येत असेल तरी काम भागतं. पत्र्याच्या शेडखालची सावली मात्र फसवी असते. उजेड बरा दिसतो, पण मे महिन्यात खालची हवा भाजून काढते.

३. उत्तरेच्या बाल्कनीत वर्षभर सावलीच असते ना?

नाही, आणि इथे पुष्कळांची फसगत होते. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्या-मुंबईत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. वर्तमानपत्रात ‘शून्य सावली दिवस’ म्हणून बातमी येते ती याच काळाच्या दोन टोकांना. शिवाय मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तो उगवतो आणि मावळतो तोही उत्तरेकडे कलून. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये उत्तरेच्या बाल्कनीत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं. संध्याकाळचं ऊन वाईट. नुकते फुटलेले कोंब त्याने करपतात. पाऊस लागेपर्यंत जुनी सुती साडी आडवी बांधा. जूनमध्ये ढग आले की काढून टाका, कारण नंतर प्रत्येक किरण हवासा होतो.

४. सुरुवात कशाने करू? एकच झाड सांगा.

हळद. आपली स्वयंपाकातली. तिला कोणी फुलझाड म्हणत नाही, पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पानांच्या झुबक्यात हात घालून बघा: फिकट हिरवट-पांढऱ्या खवल्यांचा तुरा, टोकाला गुलाबी झाक आणि खवल्यांच्या बेचक्यांतून डोकावणारी पिवळी फुलं. बाहेरून जाणाऱ्याला ती दिसतही नाहीत.

जानेवारी-फेब्रुवारीत मंडईत ओली हळद येते तेव्हा दोन-चार जाड, डोळे असलेले तुकडे बाजूला काढा आणि टोपलीत, सावलीत, उघडेच ठेवा. मेच्या अखेरीला दोन इंच खोल लावा. वाण्याकडचं हळकुंड लावून ‘उगवलं नाही’ म्हणून दरवर्षी कोणीतरी कळवतं. ते उगवणार नाही, ते उकडून वाळवलेलं असतं.

फूल आलं नाही तरी तोटा नाही. नागपंचमीला पातोळ्यांना पानं घरची मिळतात.

५. कोणतं झाड कधी फुलतं? मला मार्च ते ऑक्टोबर काही ना काही हवंय.

जमतं. मार्च-एप्रिलमध्ये भुईचाफा: सुकलेल्या मातीतून थेट वर आलेलं पांढरं-जांभळं, सुवासिक फूल, देठ जवळजवळ नाहीच. एक फूल एकच दिवस टिकतं, पण गड्डा मुरलेला असेल तर रोज नवी येत राहतात. मे महिन्यात फुटबॉल लिली, लाल तंतूंचा चेंडू. ही मूळची आफ्रिकेतली. मेअखेर आणि जूनला सापकांदा आणि शेवळ. जुलैपासून रानहळद आणि पेव. पेवाचं खोड जिन्यासारखं वळत वर जातं आणि टोकाच्या लाल कणसातून दिवसाला एखाद-दोन पांढरी, चुरगळलेल्या रेशमासारखी फुलं निघतात. फुलं संपली तरी लाल कणीस कितीतरी दिवस शोभतं. पाठोपाठ कळलावी (प्रश्न १४). ऑगस्टपासून सोनटक्का, आणि त्याच्या मागून हळद.

शेवळाबद्दल एक आगाऊ सूचना. ठाणे, रायगड, वसईकडच्या घरात लावलंत तर फूल बघायला मिळेलच असं नाही. कोणीतरी काकडं (आंबट रानफळं) आणून शेवळाची भाजी करून टाकतं. माझ्या जाऊबाईंनी केली. चांगली झाली होती.

६. रानहळद म्हणून आणली, निघालं भलतंच. नर्सरीवाल्याने फसवलं का?

बहुधा नाही. ‘रानहळद’ हे नाव गावोगाव वेगळ्या झाडाला चिकटलेलं असतं. आंबेहळदीचंही तेच, कोणी कैरीच्या वासाच्या हळदीला ते नाव देतं, कोणी कापराच्या वासाच्या हळदीला. सह्याद्रीत दिसणारी, पिवळी फुलं आणि माथ्यावर गुलाबी-जांभळा तुरा असलेली रानहळद हवी असेल तर शास्त्रीय नाव विचारा: कर्क्युमा स्यूडोमोंटाना. तेही ठाऊक नसेल तर फुलावर आलेली कुंडी बघूनच घ्या. या रानहळदीला फुलं दोन जागी येतात, हंगामाच्या सुरुवातीला बाजूने जमिनीलगत आणि पुढे पानांच्या मधून. ‘एकाच कुंडीत दोन जाती निघाल्या’ असं समजून कोणी उपटू नका.

७. नर्सरीत ‘कर्क्युमा’ म्हणून गुलाबी ट्यूलिपसारखं झाड मिळालं. सावलीत ठेवलं तर रुसलं.

ती थायलंडकडची हळदीची बहीण, उंच दांड्यावर फुलणारी. तिला ऊन लागतं. गच्चीवर न्या.

८. माती कशी बनवू?

रानात पायाखाली जे असतं ते आठवा: वर पाचोळा, त्याखाली काळसर भुसभुशीत थर आणि त्याखाली मुरमाड, पाणी धरून न ठेवणारी जमीन. कुंडीतही तेच करायचं. दोन भाग लाल माती, दोन भाग कुजलेल्या पाचोळ्याचं खत, एक भाग जाड रेती किंवा विटांचा बारीक चुरा, आणि मूठभर जुनं शेणखत. जुनं म्हणजे ज्याला शेणाचा वास येत नाही असं.

पुण्याच्या काळ्या मातीत थेट लावू नका. जुलैत ती चिखल होते, एप्रिलमध्ये भेगाळते आणि त्या भेगांमध्ये कंद उघडे पडतात. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत निचरा आपोआप होतो, तिथे फक्त पाचोळा घालत राहा. कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, सध्या फार बोलबाला आहे. उन्हाळी भाज्यांना ते ठीक, पण या झाडांच्या कुंडीत जुलैभर ते ओल्या फडक्यासारखं राहतं.

पाचोळ्याचं खत विकत कशाला घ्यायचं? सोसायटीचा झाडूवाला जो जाळायला निघालेला असतो तोच मागून घ्या. आंब्याची पानं चिवट असतात, कुजायला आठ-दहा महिने घेतात. हाताने चुरून, ओली करून, भोकं पाडलेल्या गोणीत भरून ठेवा. उघडल्यावर पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, तीच काम करत असते.

९. आंब्याखाली खणायला गेले तर सगळीकडे मुळंच मुळं. काय करू?

खणू नका. आंब्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या थरातच असतात. ती तुटली तर आंबा नाराज होतो, आणि नवीन माती टाकलीत तर वर्षभरात तीच मुळं त्या मातीत शिरून तुमच्या झाडांचं खाऊन टाकतात. दोन मुळांमधली पोकळ जागा शोधा, खुरप्याने वीतभर खड्डा करा, त्यात एकच गड्डा बसवा. अंगठ्याहून जाड मूळ लागलं तर जागा बदला.

ते जमत नसेल तर कुंडीच जमिनीत अर्धी पुरा. सोपं काम. दिसतं जमिनीत लावल्यासारखं, मुळांची मारामारी नाही, आणि ऑक्टोबरनंतर कुंडी उचलून बाजूला ठेवता येते. बुंध्याभोवती मातीचा कट्टा मात्र करू नका. मातीत गाडली गेलेली साल कुजते.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. आंबा, फणस बारमाही हिरवे. त्यांच्याखाली मे महिन्यातही उजेड कमीच, म्हणून तिथे सोनटक्का कडेला आणि हळद, पेव आत. साग, बहावा यांच्याखाली उन्हाळ्यात उजेड येतो, तिथे भुईचाफा आणि रानहळद जास्त खुलतात (का, ते प्रश्न १ मध्ये).

१०. पावसाळ्यातच झाडं कुजली. पाऊस तर यांना आवडतो ना?

वाहता पाऊस आवडतो, साचलेला नाही. घाटात यांच्यावर पुण्याच्या कितीतरी पट पाऊस कोसळतो, पण उतारावरून निघून जातो. कुंडीखालची थाळी जूनमध्येच काढा, डासांची पैदासही टळेल. कुंडी दोन विटांवर ठेवा, भोक मोकळं आहे ना ते काडी घालून बघा.

खोड बुडाशी मऊ पडून वास यायला लागला असेल तर झाड उपटा, कुजका भाग निरोगी पांढरा-पिवळा गर दिसेपर्यंत कापा, कापल्या जागी राख चोळा, एक दिवस सावलीत ठेवा आणि नवीन मातीत लावा. निम्मे वाचतात. सोनटक्का याला अपवाद आहे, त्याला पाय ओले चालतात. कोकणात तो मोरीच्या पाटाशी किंवा विहिरीजवळ उगीच नाही लावत.

११. नोव्हेंबरमध्ये सगळं पिवळं पडून आडवं झालं. मेलं का?

नाही. झोपलं.

हा प्रश्न मला सर्वात जास्त येतो आणि मला त्यावर हसण्याचा अधिकार नाही. पहिल्या वर्षी मी स्वतः रानहळदीच्या तीन कुंड्या ‘गेल्या’ म्हणून जानेवारीत खताच्या ढिगावर उपड्या केल्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ढिगातून कोवळी हिरवी सुरळी वर आली. मग आणखी दोन. त्या वर्षीची सर्वात चांगली रानहळद कचऱ्यावर फुलली.

पानं पिवळी पडायला लागली की पाणी कमी करत न्या. हिरवी पानं कापू नका. त्यांतलं सत्त्व कंदात उतरत असतं. पूर्ण वाळली, हलक्या हाताने ओढल्यावर सुटून आली, की काढा आणि पाणी बंद. कुंडी पावसाच्या आणि नळाच्या तडाख्यातून दूर, जिन्याखाली वगैरे, आडवी करून ठेवा. आडवी अशासाठी की घरातलं कोणी सवयीने तिच्यात पाणी ओतत नाही. झोपेतले कंद मरतात ते बहुतेक वेळा प्रेमाने घातलेल्या पाण्यानेच.

जमिनीतले कंद तिथेच राहू द्या, वर चार बोटं पाचोळा टाका. उंदीर-घुशींचा त्रास असेल, किंवा कोकणात साळिंदर आणि रानडुक्कर येत असतील, तर काढून कोरड्या रेतीत ठेवलेले बरे.

आणि नावाची पट्टी लावा. मार्करची अक्षरं एका उन्हाळ्यात उडतात. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कापून त्यावर खिळ्याने नाव कोरा. माझ्या पहिल्या पट्ट्या अजून वाचता येतात.

१२. मग सहा महिने रिकामी माती बघत बसायची?

मध्ये मध्ये बारमाही सोबती लावा. पहिली अबोली. तिला कवडशांचं ऊन पुरतं, पाणी थोडं लागतं आणि फूल जवळजवळ वर्षभर. तिच्या वाळलेल्या बोंडांना पाणी लागलं की ती तडकून बी लांब उडतं, त्यामुळे दुसऱ्या वर्षी रोपं भलत्याच ठिकाणी सापडतात. पुढच्या ओळीला नेचे आणि पीस लिली. झोपलेल्या कंदांवर उथळ मुळांचं काहीतरी चालतं, पण त्याला रोज पाणी लागत असेल तर नको, कारण प्रश्न ११.

१३. सोनटक्का माजलाय, फूल मात्र नाही.

चार कारणं, याच क्रमाने तपासा. पहिलं, दांडे छाटता का? सोनटक्क्याचं फूल त्याच वर्षीच्या दांड्याच्या शेंड्यावर येतं. माळ्याने ऑगस्टमध्ये ‘नीटनेटकं’ केलं की त्या वर्षीचा खेळ खलास. दांडा एकदाच फुलतो. फुलून गेलेला मात्र बुडापासून जरूर कापा. दुसरं, सप्टेंबर. पुण्यात पाऊस उघडीप देतो, आपण गाफील राहतो आणि कळ्या आतल्या आत वाळतात. त्या महिन्यात रोज पाणी. तिसरं, नत्राचा मारा: ताजं शेण किंवा युरिया घातला की पानंच पानं. चौथं, सावली फार गडद. दोन-तीन तास सकाळचं ऊन मिळेल असं सरकवा.

गड्डा तीन वर्षांनी दाटतो. मेमध्ये खणून, प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन डोळे ठेवून वेगळा करा. उथळ लावा, पाठ जेमतेम झाकेल इतकंच.

आजोळच्या परसातलं असल्यामुळे आपण सोनटक्क्याला कोकणातला समजतो, पण तो मूळचा पूर्व हिमालयाकडचा. क्यूबात तर तो राष्ट्रीय फूल होऊन बसलाय. ओढ्याकाठी फेकू नका. पाणी मिळालं की तो दुसऱ्या कोणाला जागा ठेवत नाही.

१४. कळलावी सावलीत येते का? आणि ती विषारी असते हे खरं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: हो, संपूर्ण झाड, आणि कंद सर्वात जास्त. त्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं. कंद रताळ्यासारखा दिसतो, त्यामुळे चुकून खाऊन माणसं दगावली आहेत. लहान मूल किंवा माती उकरणारा कुत्रा घरात असेल तर लावू नका, एवढं स्पष्ट सांगते. पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय करत न बसता तडक दवाखाना गाठा.

लावणार असाल तर पाय सावलीत आणि डोकं उजेडात, असा तिचा स्वभाव. पानांच्या टोकांच्या तणाव्यांनी ती कुंपणावर चढते. कंद नांगरासारखा दुबेळक्या आकाराचा असतो (संस्कृतातलं ‘लांगली’ हे नाव त्यावरूनच), आणि प्रत्येक बेळक्याला टोकाशी एकच डोळा. तो मोडला तर तो तुकडा गेला. म्हणून हातमोजे घालून, आडवा, दोन-तीन इंच खोल, हळुवार ठेवा.

१५. माझा सापकांदा दरवर्षी फुलतो पण फळं धरत नाही.

तो अजून नर असेल. सापकांदा आणि त्याची जवळची भावंडं कंदाच्या ताकदीप्रमाणे लिंग बदलतात. कंद लहान असताना नर, भरला की मादी, आणि एखादं वर्ष उपासमारीचं गेलं की पुन्हा नर. नागाच्या फणीसारख्या त्या पांढऱ्या झाकणाखाली वाकून बघा: मधल्या दांड्याच्या बुडाशी हिरवे दाणे दाटलेले असतील तर मादी, पुंकेसर असतील तर नर. शेजारी दुसरं झाड हवंच, आणि चिलटांसारख्या बारीक माश्याही हव्यात, म्हणून पाचोळा उचलू नका. चिरलेल्या कंदाचा रस लागला तर सुरणासारखी खाज सुटते.

१६. गोगलगायींनी सगळी कोवळी पानं खाल्ली. मीठ टाकू?

मातीवर मीठ टाकू नका, गोगलगाय मरेल आणि पाठोपाठ झाडही. शंखाची मोठी गोगलगाय ही आफ्रिकेतून आलेली, आता शहरात आणि शेतातही उच्छाद मांडणारी. दिवसा ती सापडत नाही. रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन जा. ओलं गोणपाट संध्याकाळी पट्टीत पसरून ठेवलं तर सकाळी त्याखाली जमलेल्या मिळतात. हातमोजे घालूनच उचला. त्यांच्यात माणसाला बाधणारे जंत असू शकतात. उचललेल्या मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. जूनचे पहिले तीन आठवडे नेमाने केलंत तर पुढे त्रास बराच कमी होतो. ते तीन आठवडे कंटाळा केलात तर जुलैत फक्त देठं शिल्लक.

१७. सोनटक्क्याच्या वासाने साप येतात, असं सासूबाई म्हणतात.

वासाने नाही येत. दाट गचपण, ओल, आणि त्यात बेडूक-उंदीर असले तर येतात, मग ते सोनटक्क्याचं असो की गवताचं. त्यामुळे सासूबाईंचं कारण चुकलं तरी सल्ला अगदीच वाया नाही. पायवाटेपासून दोन फूट अंतर सोडा, वाळके दांडे साठू देऊ नका, रात्री टॉर्चशिवाय हात घालू नका.

१८. ट्रेकला गेल्यावर एखादा कंद आणला तर काय बिघडतं?

राखीव जंगलातून झाड उपटणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे. तो बाजूला ठेवला तरी हिशेब जमत नाही. सापकांद्यासारखी काही झाडं फक्त पश्चिम घाटातच आहेत. फुललेलं झाड उपटलं की त्या वर्षीचं बी जातं, आणि जमिनीवरच्या ऑर्किडांचं म्हणाल तर ती मातीतल्या विशिष्ट बुरशीच्या आधाराने जगतात. कुंडीत एखादा हंगाम तग धरतात आणि संपतात. कंद मागायचे असतील तर परसवाल्या नातेवाइकांकडे मागा. मे महिन्यात प्रत्येकाकडे जास्तीचे असतात आणि द्यायला माणसं आनंदाने तयार असतात.

१९. मोगरा सावलीत फुलेल असा काही उपाय?

नाही.

२०. मी न्यू जर्सीत राहते. मागच्या अंगणात मेपलची सावली आहे. सोनटक्का जगेल?

कुंडीत जगेल. थंडीने गड्डा जमिनीत गोठतो, म्हणून पानं हिमाने काळवंडली की दांडे कापून कुंडी बेसमेंटमध्ये न्या आणि वसंतापर्यंत जवळजवळ कोरडी ठेवा. तुमचा उन्हाळा छोटा. मार्चमध्येच घरात, खिडकीशी, जागा करा, नाहीतर कळ्या येईपर्यंत पुन्हा थंडी पडते. गड्डे भारतातून बॅगेत नेऊ नका, रोपांच्या तपासणीचे दाखले लागतात. तिथे ‘व्हाइट जिंजर लिली’ या नावाने मिळतात.

पण मेपलखाली जमिनीत लावायचं तर तिथलंच लावा. जॅक-इन-द-पुल्पिट नावाचं झाड तुमच्याकडच्या रानात आपोआप येतं, ते आपल्या सापकांद्याचं सख्खं चुलत भावंड. तशीच फणी, तसंच लिंग बदलणं (प्रश्न १५). फक्त ते पावसाच्या आधी नाही, बर्फ वितळल्यावर उठतं.

२१. जुलै उजाडला, एक कुंडी अजून रिकामी आहे. कधी आशा सोडायची?

ऑगस्ट संपेपर्यंत थांबा. हळद, पेव, सोनटक्का जूनअखेर दिसायलाच हवेत. सापकांदा आणि कळलावी यांचा भरवसा नाही. कडेने बोट घालून कंद चाचपा. टणक असेल तर माती परत लोटा आणि गप्प बसा, कधी कधी एखादा कंद वर्षभर उठत नाही. बोटाखाली पिचकला किंवा नुसतं रिकामं साल हाताला लागलं तर गेला. माती उन्हात पसरून चार दिवस वाळवा आणि मगच पुन्हा वापरा. माझ्याकडे भिंतीच्या कोपऱ्यात सापकांद्याची एक कुंडी गेल्या वर्षी अशीच रिकामी राहिली होती. यंदा सात जूनला तिच्यात ठिपक्याठिपक्यांचा कोंब आला, आणि त्या रात्री गोगलगायीने तो खाल्ला. कंद टणक आहे.